पिवळ्या अंकातली पोरं

पिएर बोस्त हे तेव्हा फ्रेंच सिनेमातलं वजनदार नाव होतं. झाँ ओराँश यांच्या जोडीने त्यांनी लिहिलेल्या पटकथांवर 'ला सिंफनी पास्तोराल', 'ल दियाब्ल ओ कोर', 'झ्यो अँतेरदी' असे गाजलेले चित्रपट निघाले होते. १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कधीतरी त्यांच्याकडे विशीतला एक किडकिडीत तरुण आला. आपल्याला फ्रेंच पटकथांवर लेख लिहायचाय, काही पटकथा वाचायला मिळतील का, असं त्याने विचारलं. बोस्त सज्जन गृहस्थ. त्यांनी टंकलिखित प्रती काढून त्याच्या हातात दिल्या. त्यांत जॉर्ज बेर्नानोस यांच्या खेड्यातल्या पाद्र्यावरच्या कादंबरीची, पडद्यावर कधीच न आलेली एक पटकथाही होती.

जानेवारी १९५४ मध्ये 'काये द्यु सिनेमा' या मासिकाचा ३१ वा अंक आला. त्यात 'फ्रेंच सिनेमातली एक विशिष्ट प्रवृत्ती' असा एक लेख होता. लेखकाचं नाव फ्रान्स्वा त्रुफो, वय एकवीस, महिनाभरात बावीस पूर्ण होणार होती. बोस्त यांनी विश्वासाने दिलेली ती पटकथाच या लेखातला मुख्य पुरावा होती.

एखाद्या लेखामुळे चित्रपटसृष्टीचा रस्ता बदलतो असं म्हटलं की माझा चटकन विश्वास बसत नाही. सिनेमाला भांडवल लागतं, यंत्रं लागतात, वितरक लागतो. शाईने काय होणार? पण पॅरिसमध्ये १९४८ ते १९६० या बारा वर्षांत जे घडलं, ते शाई बाजूला ठेवून सांगताच येत नाही.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. जर्मन अंमलाखालच्या चार वर्षांत फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपटांवर बंदी होती. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं आणि मे १९४६ च्या ब्लम-बर्न्स करारानंतर अमेरिकन चित्रपटांना फ्रेंच बाजाराचं दार सताड उघडलं. युद्धाच्या आधीचे, युद्धकाळातले, नुकते तयार झालेले, सगळे एकदमच येऊन पडले. ऑर्सन वेल्सचा १९४१ चा 'सिटिझन केन' पॅरिसला १९४६ च्या जुलैत पाहायला मिळाला. फ्रेंच निर्मात्यांच्या दृष्टीने हे संकट होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या दृष्टीने मात्र ती उपाशी माणसापुढे वाढलेली पंगत होती. एकाच दिग्दर्शकाचे पाच-सहा चित्रपट महिन्या-दोन महिन्यांत पाहायला मिळत, आणि गोष्टी वेगवेगळ्या असूनही त्यांत एकच हात फिरलाय हे मग आपोआप दिसायला लागे. पुढे ज्या सिद्धान्तावर एवढे वाद झाले, त्याची सुरुवात मला या योगायोगात दिसते.

या पंगतीत शिस्त आणली ती आंद्रे बाझाँ यांनी. जन्म १९१८, गाव आँजे. त्यांना व्हायचं होतं शिक्षक. शिक्षण त्यासाठीच झालेलं, अभ्यास उत्तम. पण बोलताना अडखळत, आणि त्या अडखळण्यामुळे तोंडी परीक्षेत नापास झाले. शाळेचा वर्ग हुकलेल्या या माणसाने मग आयुष्यभर दुसरेच वर्ग घेतले. युद्धकाळात विद्यार्थ्यांसाठी सिने-क्लब चालवला, युद्धानंतर 'श्रम आणि संस्कृती' नावाच्या संघटनेतर्फे कामगारांपुढे, कारखान्यांत चित्रपट घेऊन गेले. मार्सेल कार्ने यांचा 'ल झूर स लेव्ह' दाखवून झाला की ते प्रेक्षकांना विचारत, नायकाच्या खोलीत काय काय सामान होतं, सांगा. कथेत ज्या वस्तूंना काही काम होतं त्या लोकांना धडाधड आठवत, बाकीच्या आठवत नसत. मग चर्चा त्या न आठवलेल्या वस्तूंपासून सुरू होई. डोळ्याला असं वळण लावणारी समीक्षा मला फार मोलाची वाटते. चित्रपट चांगला की वाईट हा निकाल देण्याच्या कितीतरी आधी, आपण नेमकं काय पाहिलं हा प्रश्न येतो.

'सिटिझन केन'वर झाँ-पॉल सार्त्र यांनी टीका केली होती. बाझाँ यांनी सार्त्र यांच्याच मासिकात त्या चित्रपटाची बाजू मांडली. सुझन विष घेते तो प्रसंग आठवा: अगदी पुढे पेला आणि चमचा, मध्ये अंधारात तिची घरघर, पार मागे दार, आणि दारापलीकडे केनचे धक्के. दुसऱ्या कुणी हे सहा-सात तुकड्यांत दाखवलं असतं: पेला, चेहरा, दार, पुन्हा चेहरा. वेल्स सगळं एकाच चौकटीत ठेवतो, आणि कुठे बघायचं ते प्रेक्षकाने ठरवायचं. बाझाँ यांचं म्हणणं असं की हा तंत्राचा दिमाख नव्हे. प्रेक्षकाशी वागण्याची ही एक रीत आहे. संकलनाने त्याचं बोट धरून न ओढता त्याच्यापुढे जग ठेवणं. शॉट कुठे तोडायचा हा त्यांच्या लेखी सचोटीचा प्रश्न होता.

त्यांच्याकडे त्रुफो आला तो भांडायला. १९३२ चा जन्म, बाप कोण ते धड माहीत नाही, सावत्र बापाचं आडनाव, लहानपण आजीकडे, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. शाळा बुडवून चित्रपट पाहायचे, थिएटराबाहेर लावलेली छायाचित्रं चोरायची, आणि दिग्दर्शकांच्या नावांनी फायली करायच्या. १९४८ मध्ये सोळाव्या वर्षी त्याने स्वतःचा सिने-क्लब काढला. त्याचे खेळ आणि बाझाँ यांच्या क्लबाचे खेळ एकाच वेळी येत, म्हणून तुमची वेळ बदला असं सांगायला तो त्यांच्याकडे गेला. पुढे काही दिवसांतच क्लबाचं कर्ज, चोरलेलं टंकलेखनयंत्र हे सगळं उघड झालं आणि सावत्र बापाने त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं. व्हिलझ्विफच्या बालसुधारगृहातून त्याला सोडवलं ते बाझाँ यांनी. नोकरीही दिली. नंतर सैन्यात भरती होऊन तो पळाला आणि लष्करी तुरुंगात गेला, तेव्हाही तेच धावून आले. बाझाँ आणि त्यांच्या पत्नी झानीन यांनी त्याला ब्री-स्यूर-मार्न इथल्या आपल्या घरी राहायला आणलं आणि लिहायला बसवलं.

दुसरी शाळा होती मेसीन रस्त्यावर, सात नंबरच्या इमारतीत. आँरी लांग्ल्वा यांनी १९३६ मध्ये जॉर्ज फ्रांजू यांच्यासोबत 'सिनेमातेक फ्रान्सेज' ही संस्था काढली होती, जुन्या चित्रपटांची रिळं वितळवली जाऊ नयेत म्हणून. सुरुवातीची रिळं त्यांनी घरातल्या न्हाणीच्या टबात ठेवली होती. १९४८ मध्ये या पत्त्यावर त्यांनी साठेक खुर्च्यांचं छोटं प्रेक्षागृह सुरू केलं. एका संध्याकाळी तीन-तीन चित्रपट असत. मूकपट पियानोशिवाय, पूर्ण शांततेत दाखवले जात. परभाषेतले चित्रपट कित्येकदा उपशीर्षकांशिवायच चालत. भाषा कळत नसली की माणूस दुसरं काहीतरी बघतो: कोण कुठे उभा आहे, कॅमेरा किती अंतरावर आहे, तो कधी हलतो. जपानी येत नसताना ज्यांनी मिझोगुची पाहिले, ते पुढे 'मिज-आँ-सेन' म्हणजे दृश्याची मांडणी हाच सिनेमाचा जीव आहे असं म्हणू लागले, यात मला नवल वाटत नाही.

पहिल्या रांगेत बसणारे हेच ते. रुआँहून आलेला, अंगाने काटकुळा आणि मतांनी सर्वांत कडक झाक रिव्हेत. स्विस-फ्रेंच घरातला झाँ-ल्युक गोदार, जो एखाद्या चित्रपटाची वीस मिनिटं पाहून दुसऱ्या थिएटराकडे निघायचा. औषधविक्रेत्याचा मुलगा क्लोद शाब्रोल. आणि या सर्वांहून दहाएक वर्षांनी मोठे, शाळेत शिकवणारे मोरिस शेरेर. त्यांनी एरिक रोमेर हे नाव घेतलं होतं, आणि आपला मुलगा चित्रपट करतो हे त्यांच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. लॅटिन क्वार्टरमधला सिने-क्लब रोमेर चालवत. १९५० मध्ये त्या मंडळींनी 'गाझेत द्यु सिनेमा' नावाचं पत्र काढलं. पाच अंकांत ते बंद पडलं.

एप्रिल १९५१ मध्ये 'काये द्यु सिनेमा'चा पहिला अंक आला. पिवळं मुखपृष्ठ, त्यावर 'सनसेट बुलेव्हार'मधलं छायाचित्र. संपादक बाझाँ, झाक दोनिओल-व्हालक्रोझ आणि लो दुका. अंक अर्पण केला होता झाँ-जॉर्ज ओरिओल यांच्या स्मृतीला. त्यांच्या 'रेव्ह्यू द्यु सिनेमा'ची परंपरा हे मासिक पुढे नेणार होतं. पहिली दोन-अडीच वर्षं अंक सभ्य होता. मग पोरं आत शिरली.

त्रुफोच्या लेखात राग आहे, पण तो मोघम नाही. म्हणूनच आज सत्तर वर्षांनीही तो वाचवतो. ओराँश आणि बोस्त यांची एक पद्धत होती. कादंबरीत काही प्रसंग चित्रित करता येण्याजोगे असतात, काही नसतात. जे नसतात त्यांच्या जागी 'समतुल्य' प्रसंग रचायचे. त्रुफो विचारतो, चित्रित करता येत नाही हे ठरवलं कोणी? बेर्नानोसच्या कादंबरीतले असेच प्रसंग बोस्त यांच्या पटकथेत बदलले होते, आणि मूळ पुस्तकात नसलेला, चर्चमधल्या पवित्र प्रसादाच्या विटंबनेचा एक प्रसंग घुसवला होता. ती पटकथा लेखकाने नाकारली. पुढे रोबेर ब्रेसाँ यांनी १९५१ मध्ये तीच कादंबरी पुस्तकाला धरून चित्रित केली आणि जे होणार नाही म्हणत होते ते करून दाखवलं. (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून पॅरिसला गेलेल्या कुमार शहानींनी पुढे काम केलं ते याच ब्रेसाँकडे.)

पण लेखाचं मर्म दुसरीकडे आहे. त्रुफोचा आरोप असा की हे पटकथाकार आपल्या पात्रांपेक्षा स्वतःला शहाणे समजतात. पात्रं क्षुद्र, ढोंगी, चिरडली जाणारी. आणि त्यांच्याकडे वरून पाहणारे लेखक-प्रेक्षक. पटकथा पूर्ण झाली की चित्रपट झाला, दिग्दर्शकाने नंतर येऊन चित्रं काढायची. उलट रेन्वार, ब्रेसाँ, कोक्तो, ताती, ओफ्युल्स, बेकर हे स्वतः लिहितात, स्वतःच्या नजरेतून बघतात. या दोन सिनेमांना शेजारी शेजारी सुखाने नांदता येईल असं त्याला वाटत नव्हतं, आणि तसं त्याने स्पष्ट लिहिलं.

बाझाँ आणि दोनिओल-व्हालक्रोझ यांनी लेख बराच काळ थांबवून ठेवला, पुन्हा पुन्हा लिहायला लावला, धार कमी करायला लावली. तरी छापला. आपल्याला न पटणारा मजकूर आपल्याच अंकात छापण्याची ही बाझाँ यांची वृत्ती या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोठी वाटते. त्यांना हिचकॉक पूर्णपणे कधीच पटला नाही. पोरं तर हिचकॉक आणि हॉवर्ड हॉक्स यांची पारायणं करत. ऑक्टोबर १९५४ चा सबंध अंक हिचकॉकवर निघाला. त्यासाठी बाझाँ स्वतः 'टू कॅच अ थीफ'च्या चित्रीकरणावर जाऊन त्याला भेटले होते; शंका घेऊन गेले आणि शंका घेऊनच परतले. शाब्रोल आणि त्रुफो त्याला भेटायला झ्वँव्हीलच्या स्टुडिओत गेले, तेव्हा अंधारात गोठलेल्या तळ्यावर पाय पडून दोघं टेपरेकॉर्डरसकट थंड पाण्यात गेले. पुढे बऱ्याच दिवसांनी भेट झाली, तेव्हा हिचकॉकने त्यांना ओळखलं. ज्या माणसाला सारं जग करमणुकीचा धंदेवाला म्हणत होतं, त्याच्यावर रोमेर आणि शाब्रोल यांनी १९५७ मध्ये पुस्तक लिहिलं.

फेब्रुवारी १९५५ मध्ये त्रुफोने 'पोलितिक देझोतर' हा शब्दप्रयोग वापरला. चित्रपटाचा कर्ता दिग्दर्शक, आणि ज्याला कर्ता मानलं त्याचा फसलेला चित्रपटही इतरांच्या जमलेल्या चित्रपटाहून मोलाचा, अशी ती भूमिका. एप्रिल १९५७ मध्ये बाझाँ यांनी त्याच मासिकात तिला उत्तर दिलं. व्यक्तिपूजेचा धोका त्यांनी दाखवला. प्रतिभा मान्य, पण काळ, उद्योग, प्रचलित चित्रप्रकार, परंपरा यांचं काय? वर्गात सर बोलतायत आणि विद्यार्थी हट्टाने ऐकत नाहीत, अशी ती जागा आहे. आज मला सरांचं म्हणणं बरोबर वाटतं, आणि तरीही विद्यार्थ्यांनी ऐकलं असतं तर त्यांनी चित्रपट काढले असते का, याची शंका येते. एकवीस-बावीसच्या वयात स्वतःचं काही उभं करायचं तर एवढा एकांगी विश्वास लागत असावा.

डिसेंबर १९५६ चा ६५ वा अंक मला या काळाचा गाभा वाटतो. त्यात बाझाँ यांचा 'संकलनाला मनाई' हा लेख आहे. एका साध्या इंग्रजी चित्रपटातला प्रसंग ते घेतात. एक लहान मुलगा सिंहिणीचं पिल्लू उचलून चाललाय, मागून सिंहीण येतेय. मुलगा वेगळा, सिंहीण वेगळी असं तोडून दाखवलंय तोवर आपण निर्धास्त असतो, हे सगळं जोडकाम आहे हे कळत असतं. आणि मग एकाच चौकटीत आईबाप, मुलगा आणि सिंहीण दिसतात. त्या एका शॉटने आधीचं सगळं खरं होतं. ज्या घटनेचा अर्थच दोन गोष्टी एकत्र असण्यात आहे, तिथे कात्री चालवायची नाही. याच अंकात गोदारचा 'संकलन, माझी गोड चिंता' हा लेख आहे. त्याचं म्हणणं उलट दिशेने जातं: मांडणी आणि संकलन ही एकाच कामाची दोन अंगं आहेत, मांडणी नजर असेल तर संकलन हा हृदयाचा ठोका आहे. कात्री वेळेला आकार देते. एकाच महिन्यात, एकाच मासिकात, गुरू म्हणतात तोडू नका आणि शिष्य म्हणतो तोडण्यातच जीव आहे. दोघांनाही हे जगण्यामरण्याइतकं महत्त्वाचं वाटत होतं.

लिहिणं आणि चित्रपट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं या मुलांना वाटतच नव्हतं. कॅमेरा लेखणीसारखा वापरता येईल हे अलेक्सांद्र आस्त्रुकने मार्च १९४८ मध्येच लिहून ठेवलं होतं. अडचण पैशाची आणि प्रवेशाची होती. फ्रेंच चित्रपटसृष्टीत दिग्दर्शक व्हायचं तर वर्षानुवर्षं सहाय्यकगिरी करावी लागे. त्रुफोने दोन-एक वर्षं रोबेर्तो रोस्सेलिनींकडे उमेदवारी केली. त्या काळात एकही चित्रपट झाला नाही, मनसुबे मात्र पुष्कळ झाले. १९५६ च्या अखेरीस रोस्सेलिनी मुंबईला गेले आणि भारतावर चित्रपट करण्यात गुंतले. पण इटलीतल्या त्यांच्या चित्रपटांनी या मुलांना आधीच शिकवलं होतं की स्टुडिओवाचून, रस्त्यावर, थोड्या माणसांत काम होतं. रिव्हेतने १९५५ मध्ये रोस्सेलिनींवर लिहिलेला दीर्घ लेख त्या सगळ्यांच्या पुढच्या कामाचा जाहीरनामाच आहे.

पहिला पैसा आला तो घरातून. शाब्रोलच्या बायकोला वारशाने रक्कम मिळाली, आणि त्यातून १९५७-५८ च्या हिवाळ्यात, मध्य फ्रान्समधल्या सार्दाँ या गावी 'ल बो सेर्ज' चित्रित झाला. सरकारी अनुदान मिळालं, त्यातून लगेच 'ले कुझँ' झाला. १९५९ मध्ये त्याला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. शाब्रोलने हा पैसा एकट्यासाठी ठेवला नाही. त्याच्या छोट्या कंपनीच्या आधाराने रोमेर यांचा आणि रिव्हेतचा पहिला चित्रपट उभा राहिला.

त्रुफो एव्हाना 'आर्ट' साप्ताहिकात दर आठवड्याला कोणाची ना कोणाची हजेरी घेत होता. उद्याचा चित्रपट रोजनिशीइतका, कबुलीजबाबाइतका खासगी असेल, असं त्याने १९५७ मध्ये लिहिलं. त्याच वर्षी त्याने एका मोठ्या वितरकाच्या मुलीशी, मादलेन मॉर्गनस्टर्नशी लग्न केलं. लोक म्हणू लागले, एवढी अक्कल आहे तर करून दाखव. १९५८ मध्ये कान महोत्सवाने या तोंडाळ समीक्षकाला प्रवेशपत्रच दिलं नाही. सासऱ्यांनी चित्रपटाला पैसा मिळवून दिला.

१० नोव्हेंबर १९५८ ला पॅरिसमध्ये 'ले कात्र सां कू'च्या चित्रीकरणाचा पहिला दिवस होता. बाझाँ कित्येक वर्षं रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. त्या दिवसाचं काम आटपून त्रुफो नॉजाँ-स्यूर-मार्नला त्यांच्याकडे धावला. त्याच रात्री बाझाँ गेले. वय चाळीस.

हा चित्रपट त्यांच्या स्मृतीला अर्पण आहे. पण अर्पणपत्रिकेपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो आतला एक प्रसंग. सुधारगृहातल्या मानसतज्ज्ञापुढे चित्रपटातला मुलगा, अंत्वान, बसलाय. प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा आवाज ऐकू येतो, चेहरा एकदाही दिसत नाही. कॅमेरा मुलासमोर ठाम थांबलेला. चौदा वर्षांच्या झाँ-पिएर लेओला उत्तरं लिहून दिलेली नव्हती. तो आपल्या शब्दांत बोलतो, हातांशी चाळा करतो, मध्येच ओशाळवाणं हसतो. चार वर्षांपूर्वी त्रुफोने लिहिलं होतं की पात्राकडे वरून पाहू नका. आता तो स्वतः खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला होता. समोरच्या मुलाची कहाणी बरीचशी त्याची स्वतःची, आणि आई-बापाला खलनायक करणं किती सोपं होतं! त्याने ते केलं नाही. आईसुद्धा या चित्रपटात दमलेली, अडकलेली एक तरुण बाई आहे. लेखात मागितलेली गोष्ट इथे करून दाखवलीय, म्हणून तो लेख मला खरा वाटतो. एक गोष्टही नोंदवायला हवी: पटकथाकारांवर तुटून पडलेल्या या दिग्दर्शकाने आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी मार्सेल मूसी या अनुभवी लेखकाची मदत घेतली होती.

मे १९५९ मध्ये कानने त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक दिलं. वर्षापूर्वी याच दारातून त्याला परत पाठवलं होतं.

गोदार अस्वस्थ झाला असणारच. मित्र पुढे निघून गेले होते. त्रुफोने लिहून ठेवलेली एक छोटी कथा त्याने मागून घेतली. निर्माता झॉर्ज द बोरगार तयार झाला. १७ ऑगस्ट १९५९ ला 'आ बू द सूफ्ल' सुरू झाला. छायाचित्रकार राउल कुतार इंडोचीनच्या युद्धात छायाचित्रं काढून आलेला. रात्रीच्या पॅरिसमध्ये दिवे न लावता काम व्हावं म्हणून त्यांनी स्थिरचित्रांसाठी मिळणाऱ्या इलफर्डच्या जलद फिल्मच्या छोट्या गुंडाळ्या एकमेकींना जोडून वापरल्या. ट्रॉलीऐवजी चाकांची खुर्ची. आवाज सगळा नंतर भरलेला.

चित्रपट लांबला. साधारणपणे अशा वेळी प्रसंगच्या प्रसंग काढतात. गोदारने प्रसंग ठेवले आणि शॉटच्या पोटातच कात्री घातली. उघड्या मोटारीत नायिका जीन सिबर्ग बसलीय, तिची मान दिसते, तिच्यामागचं पॅरिस मात्र उडी मारत बदलतं. लोक म्हणाले, याला संकलन येत नाही. पण याच चित्रपटात शांझेलिझेवर ती वृत्तपत्रं विकत चालते आणि नायक बेल्मोंदो तिच्या सोबत चालतो, तो सबंध प्रसंग एका अखंड शॉटमध्ये आहे. डिसेंबर १९५६ च्या अंकातले दोन्ही लेख मला त्या नव्वद मिनिटांत शेजारी शेजारी दिसतात. वाद संपवण्याची गोदारला गरज वाटली नाही. त्याने तो पडद्यावर चालू ठेवला. रस्त्यावर एक मुलगी बेल्मोंदोपुढे 'काये'चा अंकही विकायला धरते.

मग लाट आलीच. 'नुव्हेल व्हाग', म्हणजे नवी लाट, हा शब्द फ्रान्स्वाज झिरू यांनी 'लेक्सप्रेस'मध्ये तरुण पिढीसाठी वापरला होता, तो या सिनेमाला चिकटला. डिसेंबर १९६२ मध्ये 'काये'ने नव्या फ्रेंच दिग्दर्शकांची यादी छापली. त्यात १६२ नावं होती. सगळे काही समीक्षेतून आले नव्हते. आन्येस व्हार्दाने १९५४ मध्येच, फारसे चित्रपट न पाहता, कोळ्यांच्या वस्तीत जाऊन 'ला प्वँत कूर्त' चित्रित केला होता, आणि तो संकलित केला अलँ रेने यांनी. तो चित्रपट पाहताना जाणवतं की लाटेला दुसरे झरेही होते. 'काये'च्या टेबलाभोवती मात्र पुरुषच होते, आणि त्यांच्या सिनेमातल्या बायकांकडे पाहताना ते लक्षात येतंच. धंद्याच्या दृष्टीनेही सारं सोपं नव्हतं. रोमेर यांचा पहिला चित्रपट चित्रीकरणानंतर तीन वर्षं पडून राहिला. रिव्हेतचा 'पारी नू झापार्तिएं' पैसे जमतील तसा होत होत १९६१ मध्ये लागला. १९६३ मध्ये रिव्हेतने 'काये'ची सूत्रं रोमेर यांच्याकडून घेतली, ती मैत्री सांभाळून नव्हे. १९६८ च्या फेब्रुवारीत सरकारने लांग्ल्वा यांना सिनेमातेकमधून काढलं, तेव्हा मात्र मेसीन रस्त्यावरचे हे सगळे पुन्हा एकत्र रस्त्यावर आले, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या, आणि एप्रिलमध्ये लांग्ल्वा परत आले.

ओराँश आणि बोस्त यांचं काय झालं, हा प्रश्न मला सोडत नाही. काम अगदी बंद पडलं नाही, पण नाव घेतलं की लोकांना तो लेख आठवू लागला. त्यांचं सगळंच लेखन इतकं निर्जीव नव्हतं. १९४३ चा 'दूस' आजही पाहावा असा आहे. बोस्त यांनी दिलेल्या पटकथेचा वापर त्यांच्याचविरुद्ध केला, ही गोष्ट त्रुफोच्या बाजूने कितीही विचार केला तरी मला गोड वाटत नाही. त्यांना पुन्हा सन्मानाने बोलावलं ते आणखी एका समीक्षकानेच. बेर्त्राँ ताव्हेर्निएने १९७४ च्या आपल्या पहिल्या चित्रपटाची पटकथा या जोडीबरोबर लिहिली. पुढच्याच वर्षी बोस्त गेले. त्यांच्या एका छोट्या कादंबरीवर ताव्हेर्निएने १९८४ मध्ये चित्रपट केला, आणि कानने त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्रुफो वारला, वय बावन्न.

बाझाँ झाँ रेन्वारवर पुस्तक लिहीत होते, ते अर्धवट राहिलं. पत्नी झानीन आणि मित्रांच्या मदतीने त्रुफोने कागद जुळवले, आणि १९७१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यातलं 'ल क्रिम द मस्यो लांज'वरचं टिपण बाझाँ यांनी आजारपणाच्या अखेरच्या दिवसांत, हा चित्रपट घरी टेलिव्हिजनवर पाहून लिहिलं. सबंध चित्रपट एका चौकाभोवती घडतो: छापखाना, धुलाईचं दुकान, देवडी. लांज खून करायला खाली उतरतो तेव्हा कॅमेरा त्याच्यामागे न जाता उलट दिशेने सबंध चौकाला वळसा घालून त्याच्यापाशी येतो. हे शब्दांनी नीट सांगता येईना, म्हणून त्यासोबत चौकाचा एक छोटा नकाशा काढलेला आहे: कोण कुठे उभा, कॅमेरा कुठून निघाला, कुठे पोचला.